चित्रातली चकरी जमिनीवर यावी म्हणून

(हुडकेश्वर इथे महासंघाच्या बैठकीत केलेलं भाषण. ज्या ताईंना येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



ताईंनो, आज मी कर्ज, हप्ता, बँक जोडणी यातलं काहीच बोलणार नाही. ते विषय आपले दर महिन्याचे आहेत, त्यावर बाकीच्या ताई बोलतीलच. मला आज एका चित्राबद्दल बोलायचं आहे.

आमच्या गटातल्या एका ताईची मुलगी दहा वर्षांची आहे. जन्मापासून पायात ताकद नाही, व्हीलचेअरवर असते. डोक्यानं हुशार, बोलायला तर आपल्या सगळ्यांना भारी. संध्याकाळी तिची माय तिला बागेत नेते. बाकीची पोरं घसरगुंडीवर, झुल्यावर, गोल फिरणाऱ्या चकरीवर. ही एका बाजूला खुर्चीत. मी एकदा सहज विचारलं, "काय गं, तू काय खेळतेस?" ती म्हणाली, "मावशी, मी सगळ्यांच्या चपला सांभाळते."

तिनं ते रडून नाही सांगितलं. जसं आपण सांगतो ना, मी गटाची सचिव आहे, तसं सांगितलं. मला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही.

पुढे एक दिवस तिनं वहीच्या मागच्या पानावर चित्र काढून दाखवलं. एक मोठी गोल चकरी. पण उंचावर नाही, अगदी जमिनीला लागून, अंगणात जातं ठेवावं तशी. मधोमध तिची खुर्ची, आणि भोवती कठड्याला धरून चार मैत्रिणी उभ्या. मी म्हटलं, "अगं, त्यापेक्षा खुर्चीसकट बसता येईल असा झुला काढ ना." ती म्हणाली, "झुल्यावर मी एकटीच राहीन. चकरीवर सगळ्या राहतात."

तिच्या मायनं ते चित्र पाहिलं आणि म्हणाली, "चांगलं हाय बाई. पण हे कोन बनवून देनार?"

आजचं माझं भाषण म्हणजे या एका प्रश्नाचं उत्तर शोधणं आहे. लेकरानं चित्र काढलं. ते लोखंडात कोण उतरवणार? आणि त्यात आपलं, बायांच्या गटाचं, काय काम?

पाटण्याची नात आणि नागपूरची कंपनी

आधी एक खरी गोष्ट सांगते. बिहारमध्ये पाटण्याला शालिनी कुमारी नावाची शाळकरी मुलगी होती. तिच्या आजोबांना अपघात झाला आणि ते वॉकर धरून चालायला लागले. आपल्याकडेही म्हाताऱ्या माणसांच्या हाती असतो तो चार पायांचा वॉकर. सपाट जमिनीवर तो चालतो, पण जिन्यावर काही कामाचा नाही. कारण चारही पाय सारख्या उंचीचे. आजोबांना गच्चीवरच्या बागेत जायची हौस, आणि मध्ये जिना आडवा.

घरातल्या मोठ्यांनीही ते रोज पाहिलंच असेल. पण नातीच्या मनात आलं की वॉकरचे पुढचे दोन पाय लहान-मोठे होणारे केले तर? जिना चढताना पुढचे पाय आखूड होतील आणि वरच्या पायरीवर टेकतील. मागचे पाय खालच्या पायरीवर राहतील. वॉकर सरळ उभा राहील. तिनं हे कागदावर मांडलं आणि नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनकडे पाठवलं.

ही संस्था गुजरातमध्ये आहे, २००० साली सुरू झाली. प्रा. अनिल गुप्ता यांच्या हनी बी नेटवर्कच्या कामातून ती उभी राहिली आणि ती केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाशी जोडलेली आहे. शेतकरी, कारागीर, शाळकरी मुलं यांच्या डोक्यातल्या कल्पना शोधायच्या आणि त्या पुढे न्यायच्या, हे तिचं काम. मुलांसाठी 'इग्नाइट' नावाची स्पर्धा ती घेत असे. तिला डॉ. अब्दुल कलाम यांचं नाव दिलेलं आहे. शालिनीला तिथे पुरस्कार मिळाला. पण पुरस्कारावर गोष्ट थांबली नाही. त्या कल्पनेवर जाणकारांनी काम केलं. पुढच्या पायांत स्प्रिंग आणि आपोआप अडकणारं लॉक बसवलं. कारण पाय लहान-मोठा होणं सोपं, पण म्हाताऱ्या माणसाचं वजन पडल्यावर तो मध्येच सरकला तर? माणूस जिन्यावरून खाली. म्हणून लॉक.

आणि आता ऐका, हा वॉकर बाजारात आणायचं तंत्र कोणी घेतलं? आपल्या नागपूरच्या कविरा सोल्युशन्स या कंपनीनं. पाटण्याच्या मुलीच्या डोक्यात आलेली गोष्ट नागपूरच्या माणसांनी बनवायला घेतली. आपण म्हणतो ना, "हे सगळं तिकडे मुंबई-पुण्याला होते, आपल्याकडे कोन करते?" तर आपल्याकडेही करतात.

पहिला घाणा

इंजिनिअर लोक एक शब्द वापरतात, प्रोटोटाइप. घाबरू नका. हा शब्द आपल्याला माहीत आहे, फक्त आपण त्याला 'पहिला घाणा' म्हणतो.

दिवाळीत चकल्या करताना आपण सगळं पीठ एकदम तळतो का? पहिला घाणा टाकतो. तो विरघळला तर मोहन जास्त झालं, कडक झाला तर कमी पडलं, आतून कच्चा राहिला तर आच जास्त. मग पिठात दुरुस्ती करतो. पहिला घाणा बिघडला म्हणून कोणी परात फेकून देत नाही. उलट घाणा बिघडला म्हणूनच बाकीच्या चकल्या चांगल्या होतात.

प्रोटोटाइपचं तेच. आणि खेळण्याच्या बाबतीत तर तो फार जपून करावा लागतो, कारण चकली बिघडली तर कुत्र्याला घालता येते, खेळणं बिघडलं तर लेकराचा हात जातो.

ते चित्र घेऊन मी आमच्या रस्त्यावरच्या वेल्डिंगवाल्या दादाकडे गेले होते. मला वाटलं तो म्हणेल, इतके रुपये लागतील. पण त्यानं आधी प्रश्न विचारले, आणि मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. नंतर मी दोन-चार जाणत्यांना विचारलं, तेव्हा कळलं की इंजिनिअरही हेच प्रश्न विचारतात. ते तुम्हाला सांगते, कारण उद्या तुमच्या गावात कोणी असं खेळणं बसवायला आलं, तर हे प्रश्न तुम्ही विचारायचे.

पहिला प्रश्न वजनाचा. साधी लोखंडी व्हीलचेअर पंधरा-वीस किलोची. मुलगी पंचवीसची. चार मैत्रिणी मिळून शंभर-सव्वाशे. म्हणजे दीडशेच्या आसपास झालं. पण आपली पोरं चारच चढतील का? दहा चढतील, आणि एखाद्याचा बापही चढेल. म्हणून हिशोब दहाचा धरायचा, चारचा नाही. झुला असेल तर आणखी एक गोष्ट. झुला जेवढा वर जातो, तेवढा खाली येताना साखळीवर जोर वाढतो. चांगला उंच, साठ अंशापर्यंत गेलेला झुला खाली येतो तेव्हा साखळीवर वजनाच्या दुप्पट ताण येतो. साखळी उभ्या वजनाला पुरली म्हणून झोक्याला पुरेलच असं नाही.

दुसरा प्रश्न, खुर्ची जागेवर राहणार कशी? खुर्चीचा ब्रेक लावला म्हणजे झालं असं आपल्याला वाटतं. पण चकरी फिरली की खुर्ची बाहेरच्या बाजूला ओढली जाते. जेवढी कडेला, तेवढी जास्त ओढ. मधोमध सगळ्यात कमी. म्हणजे पोरीनं चित्रात खुर्ची मधोमध काढली ते बरोबरच होतं! तरीही चाकांना पुढून-मागून अडसर हवा आणि पट्टा हवा. आणि चकरी वेडीवाकडी जोरात फिरू नये म्हणून वेग धरून ठेवणारी सोय हवी.

तिसरा प्रश्न फटीचा. चकरी जमिनीला लागून असेल तर फिरणारी तबकडी आणि बाजूचा काठ यांच्यात फट राहणारच. त्या फटीत लहान पोराचं बोट गेलं तर? फट इतकी बारीक हवी की बोट जाणार नाही.

चौथा प्रश्न आपल्या मातीचा.  चकरी जमिनीच्या पातळीला आणायची तर तिच्या खाली खड्डा करावा लागतो. आपल्याकडे काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात. पाया उथळ ठेवला तर दोन वर्षांत चकरी कलंडते. खड्ड्यातून पाणी जायला वाट ठेवली नाही तर पावसाळ्यात चिखल भरतो, बेअरिंग गंजतं, आणि मग चकरीवर "बंद आहे" अशी पाटी लागते. खाली हात घालून ग्रीस लावता यावं म्हणून झाकणही हवं.

पाचवा प्रश्न उन्हाचा. नागपूरचा मे महिना मी तुम्हाला काय सांगू? पारा पंचेचाळीसच्या वर गेला की लोखंडी घसरगुंडीवर हात ठेवता येत नाही. आणि ज्या लेकराच्या पायाला स्पर्श कळत नाही, त्याला भाजतंय हेसुद्धा कळत नाही. म्हणून सावली हवी. ही शोभेची गोष्ट नाही, सुरक्षेची आहे.

सहावा प्रश्न, तिथपर्यंत पोचायचं कसं? चकरी छान आहे, पण बागेच्या दाराला तीन पायऱ्या आणि आत सगळी रेती-गिट्टी, तर खुर्चीचं चाक रुतून बसतं. रॅम्पचा नियम लक्षात ठेवा: एक फूट उंची चढायला बारा फूट लांबीचा रॅम्प. दोन फूट उंच ओट्याला चार फुटांचा रॅम्प बांधलेला मी स्वतः पाहिला आहे. त्यावरून खुर्ची चढत नाही, फक्त कागदावर काम पूर्ण होतं.

या सगळ्यासाठी आधी पुठ्ठ्याचा छोटा नमुना करतात. मग जुन्या सायकलच्या चाकावर मोठा. मग खरा लोखंडी. त्यावर आधी लेकरू नाही बसवत, रेतीची पोती ठेवतात आणि फिरवतात, पुन्हा पुन्हा. कुठे वाकतं, कुठे आवाज येतो, ते पाहतात. मग लेकरू बसतं, तेही हळूहळू. मग पुन्हा दुरुस्ती. त्याला वेळ लागतो. वेळ लागतो म्हणजे इंजिनिअर टाळून राहिला असं समजू नका.

इंजिनिअर चुकतात ते कुठे

पण ताईंनो, या सहा प्रश्नांची उत्तरं मिळाली तरी एक गोष्ट सुटू शकते. व्हीलचेअरचा झुला जड असतो. तो हलत असताना समोरून दुसरं लेकरू धावत आलं तर मोठी इजा होते. म्हणून त्याच्याभोवती कुंपण घालावं लागतं. कुंपण सुरक्षेसाठी बरोबरच आहे. पण मग काय होतं? खुर्चीवरचं लेकरू कुंपणाच्या आत एकटं, आणि बाकीची पोरं बाहेर. जगातल्या अनेक बागांत हेच झालं, आणि पालकांनी ते बोलूनही दाखवलं. लेकराला झोका मिळाला, सोबत नाही मिळाली.

आमच्या पोरीनं हे दहाव्या वर्षी एका वाक्यात सांगितलं होतं, झुल्यावर मी एकटीच राहीन. लोखंडाचं ज्ञान इंजिनिअरला आहे. पण बाजूला बसून चपला सांभाळायचं ज्ञान त्या पोरीला आहे. दोन्ही एका टेबलावर आल्याशिवाय खेळणं बनत नाही.

अमेरिकेत टेक्सास राज्यात सॅन अँटोनियो शहर आहे. तिथल्या गॉर्डन हार्टमन नावाच्या गृहस्थांची मुलगी मॉर्गन, तिला अपंगत्व आहे. एकदा पोहण्याच्या तलावात ती दुसऱ्या मुलांशी खेळायला गेली, तर ती मुलं बाहेर निघून गेली. बापाच्या मनाला ते लागलं. त्यांनी पालक, डॉक्टर, थेरपिस्ट यांना विचारून २०१० मध्ये 'मॉर्गन्स वंडरलँड' नावाची बाग उघडली. तिथे सगळी मुलं एकत्र खेळतात, आणि अपंग व्यक्तीला तिकीट नाही. पुढे २०१७ मध्ये तिथे पाण्याचे खेळ सुरू केले. अडचण ही की बॅटरीवरची खुर्ची पाण्यात नेता येत नाही. म्हणून पिट्सबर्ग विद्यापीठाच्या इंजिनिअरांनी दाबलेल्या हवेवर चालणारी खुर्ची बनवली. लेकराला पाण्यात खेळायचं होतं, म्हणून खुर्चीच बदलली. लेकराला नाही सांगितलं की तू बाहेर बस.

आपल्या नागपुरातही पारडी भागात 'अनुभूती' नावाच्या दिव्यांग उद्यानाची घोषणा झाली. २०२३ च्या जानेवारीत नितीन गडकरी यांनी त्याची माहिती दिली होती. ९० हजार चौरस फूट जागा, सुमारे १२ कोटी रुपये खर्च, आणि कायद्यात सांगितलेल्या एकवीसही प्रकारच्या अपंगत्वाचा विचार. स्पर्श करून आणि वास घेऊन ओळखायची बागही त्यात ठरवलेली. अशी मोठी जागा हवीच. पण हुडकेश्वरच्या पोरीला रोज संध्याकाळी पारडीला नेणार कोण? उमरेडच्या, कुहीच्या लेकराला कोण नेणार? रोजचं खेळणं रोजच्या बागेतच पाहिजे, घराजवळ पाहिजे.

आपण काय करू शकतो

आता कामाचं बोलते. हे जरा लिहून घ्या.

एक, नोंद. लेकरानं कल्पना सांगितली की त्याच्या नावासकट आणि तारखेसकट लिहून ठेवा. चित्र जपून ठेवा. आपण पाच रुपयांचीही नोंद ठेवतो, मग कल्पनेची का नाही? उद्या कोणी म्हणेल ही माझी, तर आपल्याकडे कागद पाहिजे.

दोन, शाळा. सहावी आणि पुढच्या वर्गांतल्या मुलांसाठी 'इन्स्पायर मानक' ही केंद्र सरकारची योजना आहे. शाळेनं मुलांच्या कल्पना ऑनलाइन पाठवायच्या असतात. निवड झाली तर नमुना बनवायला १० हजार रुपये मुलाच्या बँक खात्यात येतात. पैसे मुलाच्या नावावर येतात, हे लक्षात ठेवा. म्हणून मुलाचं खातं आधीच उघडलेलं असावं. मुख्याध्यापकांना जाऊन विचारा, आपल्या शाळेतून यावर्षी कोणाची कल्पना गेली? जवळच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल तर तिथे मुलांना हातानं बनवून पाहायची साधनं असतात. 

तीन, जोडणी. प्रत्येक गावात वेल्डिंगवाला आहे, सुतार आहे. नागपुरात इंजिनिअरिंगची कॉलेजं आहेत, आणि तिथल्या मुलांना शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट करावाच लागतो. दरवर्षी त्यांना विषय शोधावा लागतो. आपल्याकडे विषय आहेत, त्यांच्याकडे हात आहेत. महासंघाच्या पत्रावर विनंती लिहून द्यायला काय हरकत आहे? फक्त एक अट घालायची: पहिल्या दिवशी आणि शेवटच्या दिवशी ते लेकरू तिथे हजर पाहिजे.

चार, पैसा. ग्रामपंचायतीनं आपल्या स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. ग्रामसभेत विचारा, तो कशावर खर्च झाला? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात खेळ आणि मनोरंजनाचाही विचार केला आहे. आपण मागायला जातो तेव्हा भीक मागत नाही.

पाच, आणि हे सगळ्यात स्वस्त. सगळं बनेपर्यंत वाट पाहू नका. दारातली एक पायरी काढून रॅम्प करता येतो. खेळण्यापर्यंत जायला तीन फूट रुंद सपाट वाट करता येते. आणि आपल्या पोरांना सांगता येतं, अरे, तिच्याजवळ चपला ठेवू नका, तिला खेळात घ्या. लंगडीत ती पंच होऊ शकते, अंताक्षरीत तर ती जिंकेल. याला इंजिनिअर लागत नाही.

शेवटी त्या चित्राचं सांगते. ते आता आमच्या गटाच्या इतिवृत्ताच्या वहीत चिकटवलेलं आहे. खाली तिचं नाव, तारीख आणि आम्हा दहा जणींच्या सह्या. वेल्डिंगवाल्या दादानं जुन्या सायकलच्या चाकावर एक लहानसा नमुना करून दिला, पैसे घेतले नाहीत. त्यावर तिनं आपली बाहुली बसवून फिरवली. बाहुली पडली. ती म्हणाली, "दादा, पट्टा राहिला." दादा म्हणाला, "बरोबर आहे बाई, राहिला." आणि पुन्हा घेऊन गेला.

तेव्हा तिच्या मायला मी म्हटलं, "तू विचारत होतीस ना, कोण बनवून देणार? पाहा, सुरू झालं."

ताईंनो, पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गटानं एक काम करून यायचं. आपल्या गावात जे लेकरू बाजूला बसून राहतं, त्याच्याजवळ खाली बसायचं आणि विचारायचं, "तुला कसं खेळायचं आहे?" ते जे सांगेल ते लिहून आणायचं. आपलं डोकं लावायचं नाही, जसं सांगितलं तसंच लिहायचं. पुढचं आपण मिळून पाहू.